दुसऱ्या यादीतल्या विहीणबाई

१० फेब्रुवारी

चि. टिटवीस,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचा पत्ता वाचून ओळख पटली असेल असं धरून चालते. नसेल पटली तर सांगते, मी तुझ्या बापाची आई. लहानपणी तू माझ्या पाठीवर बसून घरभर फिरायचीस आणि उतर म्हटलं की केस ओढायचीस. आता तुझा फोन येतो तो तू रस्ता ओलांडत असताना. मी बोलते, तू ‘हं, हं’ करतेस आणि मध्येच भाजीवाल्याशी भांडतेस. म्हणून ठरवलं, पत्र घालायचं. कागदापुढे ‘हं’ म्हणून सुटता येत नाही.

मला अक्षर येत नाही हे विसरली नसशील अशी आशा आहे. लिहितेय तुझी माई, म्हणजे आमच्या विहीणबाई. न्हाणीत पाय घसरून पडल्या तेव्हापासून तुझ्या आईने त्यांना माझ्याकडे, मागच्या खोलीत आणून ठेवलंय. अक्षर मोत्यासारखं आहे म्हणे. मला काय, मुंग्या चालल्या तरी तेच दिसणार. पण मी बोलते त्याच्या निम्मंच कागदावर उतरतं असा मला संशय आहे. (सगळं लिहिते आहे. – माई)

बातमी अशी की दवाखान्यामागच्या सभागृहात म्हाताऱ्यांसाठी व्यायामाचा वर्ग निघाला आहे. आठवड्यातून दोनदा. शिकवायला एक बाई येतात, गळ्यात शिट्टी. आम्ही त्यांना शिट्टीबाईच म्हणतो. खुर्चीवरून हात न टेकता उठा, भिंतीला धरून टाचा उचला, असले प्रकार. वर दुधात घालून प्यायला ताकदीच्या पुडीची पाकिटं मिळतात. पूड अशी की चुना बरा.

पण सगळ्यांना नाही. आम्हा सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या पातेल्यात टाकून निम्म्या काढल्या. पहिल्या यादीला वर्ग आणि पूड. दुसऱ्या यादीला चार पानांचं रंगीत पत्रक, ‘म्हातारपणी असे खावे, असे चालावे’, आणि वर्ग पुढल्या वर्षी. आता गंमत बघ. मी तुरुतुरु जिने चढते, तर मी पहिल्या यादीत. आणि ज्या बाईला पलंगावरून उठताना दोन माणसं लागतात ती दुसरीत. मी म्हटलं, अदलाबदल करा. शिट्टीबाई म्हणाल्या, “आजी, तसं केलं तर सगळ्यातला अर्थच जाईल.” मला अर्थ कळला नाही, पण बाई गोड बोलतात म्हणून मान डोलावली.

विहीणबाई काल ते पत्रक वाचत बसल्या होत्या. 

तुझी,
आजी


२४ फेब्रुवारी

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार. भाजीवाल्याशी भांडले नव्हते, तोच माझ्याशी भांडत होता. तरी चूक कबूल.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि घास हातातच राहिला. आजी, तू ज्या वर्गाला जातेस ना, तोच तोलायचं काम सध्या आमच्या कार्यालयात चाललं आहे! मी काय काम करते ते तू दरवेळी विचारतेस आणि मला धड सांगता येत नाही. आता सांगते. एखादी योजना माणसाच्या किती उपयोगाची आणि तेवढ्या उपयोगाला खर्च किती पडतो, हे आम्ही बघतो. म्हातारं माणूस पडलं, खुब्याचं हाड मोडलं की दवाखाना, शस्त्रक्रिया, घरातल्या कुणाची तरी नोकरी सुटते. माईच्या वेळी आईची रजा कशी संपली ते तू पाहिलंसच. वर्गाने आणि पुडीने असं पडणं खरंच कमी होत असेल, तर खर्च परवडला. नसेल होत, तर तो पैसा दुसरीकडे लावलेला बरा. हे कळायचं कसं? तर वर्गातली माणसं आणि फक्त पत्रक मिळालेली माणसं, दोघांची ताकद वर्षभर मोजायची आणि फरक बघायचा. म्हणून चिठ्ठ्या. तुझी-माईची अदलाबदल का नाही चालत, ते आता लक्षात येईल.

आमच्या साहेबांना मी लगेच सांगितलं की माझ्या दोन्ही आज्या यात आहेत. ते म्हणाले, आपल्याकडे नावं येतच नाहीत, नुसते क्रमांक येतात. त्यात तुमच्या आज्या कुठल्या हे तुम्हालाही कळणार नाही, तेव्हा काम चालू ठेवा.

तर तू एवढंच कर. वर्ग चुकवू नकोस आणि पूड नाक दाबून का होईना पीत जा. फरक चांगला दिसला तर वर्ग कायमचा होईल, गावोगाव होईल, आणि माईलाही मिळेल.

माईला नमस्कार. माई, तू मधे कंस घालत जा, मला आवडतं.

तुझी,
टिटवी


५ मे

चि. टिटवीस,

आशीर्वाद. तुझं पत्र विहीणबाईंनी दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मला कळावं म्हणून आणि दुसऱ्यांदा त्यांचं नाव कुठे कुठे आलंय ते बघायला. (खोटं. – माई)

म्हणजे इतकी वर्षं शिकलीस ती आपल्या आजीला वजनकाट्यावर घालायला. असू दे. कामाला नाव ठेवू नये. तुझ्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या गोण्या तोलल्या, तू म्हाताऱ्या तोल.

वर्ग झकास चाललाय. आमच्यात एक गोदामवाले आहेत. जन्मभर गोदामावर देखरेख केली, त्यामुळे कुठेही टेकले की डोळा लागतो. टाचा उचलता उचलता भिंतीला डोकं लावून घोरतात. शिट्टीबाई शिट्टी फुंकतात, मग ते “माल उतरवा!” म्हणून ओरडून जागे होतात. परवा घोट्याला वाळूच्या पट्ट्या बांधून पाय उचलायला लावले. एरवी आम्ही पाय उचलत नाही म्हणून सुना बोलतात, आणि इथे वजन बांधून उचलायचे.

पूड पिते. विचारू नकोस सारखं.

आणि ऐक, विहीणबाई सुधारल्या! आपल्या आपण उठतात. परवा जिना उतरून खाली कचरा टाकून आल्या आणि वर येऊन मला म्हणतात, “चहा घेणार का?” ज्या बाईला गेल्या थंडीत चमचा जड व्हायचा ती! सगळी त्या पत्रकाची किमया. चार पानांत केवढी ताकद असते बघ. मी शिकले नाही तेच बरं, नाहीतर कुस्त्या खेळले असते. तुझ्या साहेबांच्या कानावर घाल, पत्रक छापणाऱ्याला बक्षीस द्या म्हणावं.

विहीणबाई, लिहिताय ना? हात का थांबला?

तुझी,
आजी


१८ जुलै

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार. हे पत्र लिहायला मन होत नाही, पण तुला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

पहिले आकडे आले. वर्गातल्या माणसांची ताकद थोडी वाढली आहे. पण पत्रकवाल्यांचीही जवळजवळ तेवढीच वाढली आहे. आमच्या भाषेत याचा अर्थ असा की वर्गाने आणि पुडीने वेगळं काही साधलं नाही. शिट्टीबाईंचा पगार, सभागृह, पाकिटं, हा सगळा खर्च पाण्यात. कालच्या बैठकीत साहेबांनी तसंच सांगितलं: “नुसत्या पत्रकावर काम भागतंय तर वर्ग हवेत कशाला?” वर्षअखेरीला सगळीकडचे वर्ग बंद करावेत अशी शिफारस जाणार आहे. त्या अहवालाचा कच्चा खर्डा मीच लिहिते आहे.

मला आधी विश्वास बसेना. पत्रकात आहे काय? चाला, दूध प्या, पाणी प्या. पण मग माईची गोष्ट आठवली. माई नुसत्या पत्रकावर जिना उतरायला लागली, तर बाकीचे का नाही? बैठकीत मी बोललेही तसं. नाव न घेता.

तुला वर्ग आवडतो हे मला ठाऊक आहे. रागावू नकोस.

तुझी,
टिटवी


२६ जुलै

चि. टिटवीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. हे पत्र माझं एकटीचं आहे. तुझी आजी वर्गाला गेली आहे आणि ती येण्याआधी मला ते टपालात टाकायचं आहे. जिना उतरता येतो त्याचा हा एक फायदा.

तुझं शेवटचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बघा, पत्रकाचं कौतुक जरा जास्तच झालं.” मग धुतलेलाच पेला पुन्हा धुवायला घेतला. 

बाळ, मी ते पत्रक एकदाच वाचलं. त्यातलं एकही अक्षर माझ्या उपयोगी पडलेलं नाही. तुझी आजी वर्गाहून आली की चप्पल काढायच्या आधी माझ्यापुढे खुर्ची ओढते. “उठा विहीणबाई. हात टेकायचे नाहीत. मुलीकडच्या असलात तरी इथे मानपान नाही.” वर्गात जे झालं ते सगळं, त्याच क्रमाने, माझ्याकडून करून घेते. शिट्टी नाही म्हणून भांडं वाजवते. वाळूच्या पट्ट्या नाहीत म्हणून जुन्या मोज्यांत तांदूळ भरून माझ्या पायांना बांधते.

आणि पूड. पहिल्या दिवशी तिने अर्धी मला दिली. मी नको म्हटलं तर म्हणाली, विहीण समोर बसलेली असताना एकटीने प्यायला माझ्या आईने शिकवलं नाही. चैत्र संपता संपता अर्ध्याची सगळी झाली. “मला तिची चव आवडत नाही” असं म्हणते आणि माझ्या पेल्यात ओतते. मी पीत राहिले. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

ही आमच्याच घरची गोष्ट नाही. गोदामवाल्यांचा भाऊ दुसऱ्या यादीत आहे. वर्गातल्या शिंपीणबाईंची जाऊ आहे. जो तो घरी नेऊन वाटतो, आणि वर्गात कुणी ब्र काढत नाही, कारण कळलं तर पाकीट बंद होईल ही भीती.

मी हे तुला आधीच कळवायला हवं होतं. ती सांगायची “पत्रकाची किमया” आणि मी मुकाट्याने तसं लिहायची. शिवाय तुझ्या आजीचे दंड आता माझ्या मनगटाएवढे झाले आहेत. खुर्चीवरून उठताना ती हात टेकते. कुणी बघत नाही असं तिला वाटतं.

तुझी,
माई


६ ऑगस्ट

ती. आजीस आणि ती. माईस,

साष्टांग नमस्कार. माई, हे पत्र आजीला शब्द न गाळता वाचून दाखव.

आजी, मला सगळं कळलं आहे. माईवर चिडायचं असेल तर नंतर चीड, आधी ऐक.

आम्ही दोन याद्यांमधला फरक मोजत होतो. तुम्ही तो फरक रोज संध्याकाळी पेल्यात ओतून संपवलात. तुझी ताकद माईकडे गेली, माईची वाढली, तुझी अडली, आणि आमच्या कागदावर दोन्ही याद्या सारख्या झाल्या. मग आम्ही शहाण्यांनी निष्कर्ष काढला की वर्ग निरुपयोगी आहे. खरं तर वर्ग इतका उपयोगाचा होता की दुसऱ्या हाताने मिळूनही माई उभी राहिली. हे वर्गाच्या एकाच केंद्रात झालेलं असणं शक्य नाही.

मी सोमवारी साहेबांपुढे हे मांडलं. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, माझ्या आजीची हकिगत माझ्या तोंडून पुरावा म्हणून चालणार नाही. दुसरी, मला या कामावर ठेवणं आता बरोबर दिसणार नाही. ते रास्तच आहे. मी आता शाळांच्या पाण्याच्या टाक्यांचं काम बघते.

पुढच्या महिन्यात आमच्या कार्यालयाबाहेरच्या एक तपासनीसबाई केंद्रांवर येतील आणि वाटप होतं का ते विचारतील. लोकांनी खरं सांगितलं, तर बंद करण्याची शिफारस थांबेल. “आम्हीच पितो, बाई” असं सांगितलं, तर वर्षअखेरीला सगळे वर्ग बंद. खरं बोलल्यावर तुमच्या केंद्राचं काय होईल ते मात्र मला सांगता येत नाही. त्याचं वचन मी देऊ शकत नाही.

आणि आजी, पूड तू प्यायची. माईदेखत.

तुझी,
टिटवी


९ सप्टेंबर

चि. टिटवीस,

आशीर्वाद. ज्या हाताने माझी चहाडी लिहिली त्याच हाताला धरून मला हे पत्र लिहवून घ्यावं लागतंय. निरक्षर बाईची केवढी अडचण! महिनाभर विहीणबाईंशी अबोला धरावा म्हटलं, तर तुला कळवणार कुणाकडून? म्हणून दिवसभर अबोला आणि पत्रापुरतं बोलणं असं ठरवलंय. (दुपारीही बोलत होत्या. मीठ कुठे आहे, विचारलं. – माई) ते मिठाबद्दल होतं.

तर तपासनीसबाई आल्या. चष्मा, पिशवी, तोंडावरची माशी हलत नाही. शिट्टीबाई कोपऱ्यात उभ्या, चेहरा पांढराफटक. बाईंनी विचारलं, “पूड कोण कोण दुसऱ्याला देतं? व्यायाम कोण कोण घरी शिकवतं? खरं सांगितल्याबद्दल कुणावर ठपका येणार नाही.”

सगळे छताकडे बघायला लागले. गोदामवाले तर खरोखरच झोपले की सोंग घेतलं, देव जाणे. शिंपीणबाई म्हणाल्या, “छे हो, चमचाभर सांडत नाही आम्ही.”

मला काय गरज होती? माझी पूड मी पुन्हा प्यायला लागले होते. विहीणबाई समोर खुर्ची टाकून बसतात आणि पेला पालथा करून दाखवल्याशिवाय उठू देत नाहीत. गप्प बसले असते तर वर्षअखेरीपर्यंत सुखाने प्याले असते. पण मग पुढे कुणालाच नाही, आणि तेही माझ्या तोंडच्या पत्रकाच्या गोष्टीमुळे. उठले. हात टेकूनच उठले, लपवायचं काय त्यात? म्हटलं, “बाई, लिहून घ्या. माझी पूड माझ्या विहिणीने प्याली. अर्धी नाही, सगळी. आणि व्यायाम मी शिकवला, भांडं वाजवून.”

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, “किती दिवस?” रागाने नाही. जसं वाण्याने विचारावं, किती किलो.

मग गोदामवाल्यांचा एक डोळा उघडला. “मी भावाला देतो. अर्धी.” शिंपीणबाईंना ते लागलं असावं. “अर्धी काय, मी जावेला पाऊण देते!” त्यावर मागून कुणी ओरडलं, “मी तर पहिल्या दिवसापासून हातच लावला नाही!” झालं. तोवर जो गुन्हा होता त्याची अशी चढाओढ लागली की बाईंना हात जोडावे लागले. म्हणाल्या, “अहो, तुम्ही सांगता तेवढं वाटलं असेल तर इतकी पाकिटं तुम्हाला आलेलीच नाहीत.” मग त्या आठवडाभर घरोघर फिरल्या आणि पेले, भांडी, मोज्यातले तांदूळ, सगळं पाहून गेल्या.

विहीणबाईंकडून त्यांनी वर्गातले सगळे व्यायाम करून घेतले. विहीणबाईंनी असे करून दाखवले की जणू लग्नाला उभ्या आहेत. मला जरा बरं वाटलं. हे लिहू नका, विहीणबाई. (लिहिलं. – माई)

तुझी नोकरी आहे ना? टाक्या तर टाक्या. आम्हाला खाली बघायला लावू नकोस म्हणजे झालं.

तुझी,
आजी


१४ ऑक्टोबर

ती. आजीस,

साष्टांग नमस्कार. नोकरी आहे. टाक्यांचं काम चांगलं आहे, टाक्या कुणाला पूड वाटत नाहीत.

निर्णय झाला. मला तो इतरांसारखा फलकावर वाचूनच कळला, आणि साहेबांनी मग बोलावून समजावला. बऱ्याच केंद्रांवर असंच वाटप निघालं. वर्ग बंद करायची शिफारस मागे घेतली आहे. सगळं मोजमाप पहिल्यापासून करायचं, आणि आता चिठ्ठ्या माणसांच्या नाही, अख्ख्या केंद्रांच्या टाकायच्या. एका केंद्रात सगळ्यांना वर्ग, दुसऱ्यात सगळ्यांना पत्रक. एका घरात दोन याद्या नाहीत.

आता पुढचं. तुमच्या केंद्राची चिठ्ठी त्या पातेल्यात नाही. तुम्ही सगळे आधीच शिकून बसला आहात, तुम्हाला कुठल्याच बाजूला धरता येत नाही. त्यामुळे महिनाअखेरीस तुमच्याकडची पाकिटं थांबतील आणि शिट्टीबाई दुसऱ्या केंद्रावर जातील. नवं मोजमाप पूर्ण होऊन वर्ग सगळीकडे सुरू झाले, तर तुम्हालाही मिळेल. त्याला दोन वर्षं तरी लागतील.

मी तुला उभं राहून बोलायला लावलं आणि त्याचा तोटा तुम्हालाच झाला. मी साहेबांशी वाद घातला. ते म्हणाले, त्या केंद्राला दयेने वर्ग दिला तर उद्या हेही मोजमाप कुणी मानणार नाही.  ते बरोबर आहेत, आणि मला झोप लागत नाही.

तुझी,
टिटवी


३० ऑक्टोबर

चि. टिटवीस,

आशीर्वाद. झोप. झोपेचं काही मोजमाप नसतं.

तोटा झाला हे खरं आहे, तो नाही म्हणून मी तुझं सांत्वन करणार नाही. काल शिट्टीबाई गेल्या. रडल्या नाहीत, आम्हीही नाही. सगळ्यांचे घोटे तपासून वाळूच्या पट्ट्या मोजून परत नेल्या. गोदामवाल्यांनी तेवढं उभं राहून सामान चढवून दिलं, जागेपणी.

दुपारी शिंपीणबाई येऊन मला बोलून गेल्या. “तुम्हीच तोंड उघडलंत.” म्हटलं, उघडलं. त्या म्हणाल्या, “जाऊबाईंना आता काय देऊ?” म्हटलं, त्यांना घेऊन मंगळवारी सभागृहात या. दवाखान्यातल्या शिपायाला विचारलंय, किल्ली देतो म्हणाला. व्यायाम तर परत नेता येत नाहीत ना पट्ट्यांसारखे. पहिली यादी, दुसरी यादी, सगळेच या म्हणून निरोप दिलाय. विहीणबाई शिकवणार आहेत. हो, त्याच. सगळ्यांत ताठ त्या उठतात. मी मागच्या रांगेत. आवाज मात्र त्यांचा पोचत नाही, तेव्हा भांडं वाजवायचं काम माझं.

तुझ्या साहेबांना सांग, आम्हाला कुठल्याच बाजूला धरलं नाही हे चांगलं केलंत, आता आम्ही काही केलं तरी तुमचं गणित बिघडत नाही.

राहिली पूड. ती संपली. विहीणबाईंचा कालपासून नवा नियम आहे की मी घास गिळल्याशिवाय त्या आपला उचलत नाहीत. अशाने दोघी उपाशी मरू, म्हणून तू खाणं पाठव. शेंगदाणे भाजून, सालं काढून, आणि आख्खे नकोत, कुटून. आम्हा दोघींचे मिळून एका माणसापुरते दात आहेत. दुधाची भुकटी पाठव, बिनसाखरेची. मीठ कशाला लावू नकोस, त्यांना चालत नाही. आणि दोन वेगळे डबे कर, झाकणं घट्ट लावून, सारखे भरून.

तुझी,
आजी

(डबे सारखे नकोत. तिचा मोठा भर. – माई)